बडोद्यात नवी नोकरी, सोबत पुस्तकं: पहिल्या सहा महिन्यांची तयारी

नोकरीला लागलं की वाचन सुटतं, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि दोष वेळेला दिला जातो. वेळ कमी होतो हे खरंच. पण बहुतेकांचं वाचन सुटतं ते दुसऱ्याच कारणाने. दहा-पंधरा मिनिटं मोकळी मिळतात तेव्हा पुस्तक जवळ नसतं. ते खोलीवर असतं, नाहीतर गावी आईने जपून ठेवलेल्या खोक्यात. हातात असतो तो फोन. म्हणून पुढे जे काही सांगितलं आहे ते एवढ्याचसाठी: मोकळा वेळ जिथे मिळतो तिथे पुस्तक आधीच पोचलेलं असावं.

हा लेख नोकरीसाठी महाराष्ट्रातून बडोद्याला आलेल्या मुलामुलींना धरून लिहिला आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत वाढलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

येताना पाचच पुस्तकं

डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, अडीचशे पानांचं, कागदी बांधणीचं पुस्तक साधारण ३०० ग्रॅम भरतं. पंधरा पुस्तकं घेतली की साडेचार किलो झाले, आणि पहिल्या महिन्यात खोली बदलण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा पाच आणा: एक जाड कादंबरी, एक कथासंग्रह, एक कवितांचं, आणि दोन पूर्वी वाचलेली, आवडती. ही शेवटची दोन सगळ्यांत महत्त्वाची. नव्या कामाच्या पहिल्या पंधरवड्यात डोकं इतकं शिणलेलं असतं की नवीन पुस्तकाची पहिली वीस पानं पुन्हापुन्हा वाचली जातात आणि मग ते बाजूला पडतं. ओळखीचं पुस्तक कुठूनही उघडता येतं, आणि रोज वाचायची सवय मोडत नाही.

बाकीची पुस्तकं खोली पक्की झाल्यावर मागवा. कसं मागवायचं ते पुढे येईल.

खोली बघताना

कॉलेजातून थेट लागलेल्यांची नोकरी बहुधा जून-जुलैत सुरू होते, म्हणजे ऐन पावसात. बडोद्यात पुस्तकं बाळगणाऱ्याने विश्वामित्री नदी लक्षात ठेवलीच पाहिजे. ती शहराच्या मधून वळणं घेत जाते, आणि वरच्या अंगाला आजवा तलावाचं पाणी सोडलं की भरभर चढते. शहरात तिची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. ऑगस्ट २०२४मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. ३१ जुलै २०१९ला तर एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि नदीपासून लांबच्या सोसायट्यांतही पाणी शिरलं. समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, कारेलीबाग या भागांत नदीच्या बाजूची तळमजल्यावरची खोली स्वस्त मिळत असेल तर घरमालकाला विचारण्याआधी समोरच्या किराणावाल्याला विचारा: मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर नवा रंग आणि त्याच्या वर जुना, असं दिसलं तर उत्तर मिळालंच. पहिला मजला परवडत असेल तर तोच घ्या. तळमजलाच घ्यावा लागला तर पुस्तकं माळ्यावर किंवा छातीच्या वर. खाटेखाली खोकं सरकवून ठेवू नका.

बडोद्याच्या जुन्या भागातल्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे पुराची भीती कमी, पण भिंती चुन्याच्या आणि जाड असतात, ओल धरून ठेवतात. त्यांत खिळे-स्क्रू पकडत नाहीत. प्लॅस्टर पोपडा होऊन हातात येतं. भिंतीवर फळी ठोकायच्या फंदात पडू नये. जमिनीवर उभं राहणारं रॅक घ्या आणि ते भिंतीपासून दोन इंच, जमिनीपासून चार इंच सुटं ठेवा. मागून हवा खेळली की बुरशी धरत नाही. शिवाय वाळवीची मातीची रेघ वर चढताना दिसते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन रॅकच्या मागे बघायचं, एवढं पुरे.

फळी किती लांब असावी? एक फूट लांबीच्या रांगेत पुस्तकांचं वजन सहज आठ-दहा किलो होतं. १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी अडीच फुटांपर्यंत नीट राहते. त्याहून लांब असेल तर मधे टेकू हवा. स्वस्त पार्टिकल बोर्डची फळी दोन फुटांतच वर्षभरात मधे पोक काढते, आणि एकदा वाकली की सरळ होत नाही. पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून, राहणाऱ्यांना रॅकची जागाच नसते. त्यांनी झाकण घट्ट बसणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, वीसेक पुस्तकांचा. पुस्तकं आधी दोन तास पंख्याखाली ठेवून मगच डब्यात भरायची, नाहीतर आतली ओल आतच कोंडते. डांबराच्या गोळ्या टाकायच्या तर कागदाच्या पुडीत. आणि ज्या खोलीत झोपता तिथे शक्यतो नकोच. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे ही घरोघरची जुनी रीत आहे, श्वासाला त्रास देत नाही.

पुस्तक भिजलंच तर

हे सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या पावसात हे एकदा होतंच आणि लोक घाईने जे करतात त्यानेच पुस्तक जातं.

ओलं पुस्तक लगेच उघडू नका. भिजलेला कागद आपल्याच वजनाने फाटतो. मिटलेलंच हातात उभं धरून पाणी निथळू द्या. पुराच्या गढूळ पाण्यात पडलं असेल तर मिटलेलं ठेवूनच नळाच्या बारीक धारेखाली चिखल धुवा. चिखल वाळला की तो निघत नाही. मग फरशीवर जुना सुती पंचा पसरून त्यावर पुस्तक उभं करा, पानं पंख्यासारखी थोडी विलग करून, आणि वर सीलिंग फॅन मध्यम वेगाने लावा. खालचं कापड दर दोन तासांनी बदला.

पाणी टपकायचं थांबलं की दर वीसेक पानांनंतर एक कोरा कागद सरकवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. कागद फार घातले तर पुस्तक फुगतं आणि पाठीचा डिंक सुटतो. त्यामुळे सगळे मिळून पुस्तकाच्या जाडीच्या पाचव्या भागाहून जास्त नकोत. उन्हात टाकण्याचा मोह आवरा: उन्हाने मुखपृष्ठ वळतं, कागद पिवळा पडतो.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? पान गालाला लावून बघा. बोटांना कोरडं वाटणारं पान गालाला गार लागलं तर आत अजून ओल आहे. गारवा जवळजवळ गेला की पुस्तक मिटून आडवं ठेवा, वर तीन-चार किलोचं वजन, दोन दिवस. पानं सपाट होतात. अगदी पूर्वीसारखं होणार नाही, पण वाचता येईल आणि टिकेल.

गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं, म्हणजे चित्रांची आणि छायाचित्रांची, यांचं गणित वेगळं. त्या कागदावरचा लेप ओला झाला की डिंकासारखा होतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. ती ओली असतानाच प्रत्येक पानात कागद घालावा लागतो. तेवढी सवड नसेल किंवा एकदम दहा-बारा पुस्तकं भिजली असतील तर प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. विचित्र वाटेल, पण ओल्या कागदाला बुरशी दोन-तीन दिवसांत धरते आणि गोठवलं की ती थांबते. मग एकेक काढून सावकाश वाळवता येतं.

पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर मात्र काहीही डागडुजी न करता, निथळवून, त्यांनाच दाखवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावून परत करणं हा सगळ्यांत मोठा अपराध. त्याचा चिकटपणा कागदात उतरून काही वर्षांत तपकिरी पट्टा होतो, आणि तो निघत नाही.

वाचायचा वेळ मोजून काढा

पहिल्या आठवड्यात वाचायचा संकल्प करू नका. फक्त नोंद करा: दिवसात कुठे-कुठे, किती मिनिटं नुसती थांबण्यात गेली. कंपनीच्या बसची वाट, बसमधला प्रवास, जेवल्यानंतरचा वेळ, रात्रीचा भात कुकरला लागल्यावरचा. बडोद्यात हे आकडे कामाच्या जागेवर फार अवलंबून असतात. शहरातून मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत सात-आठ किलोमीटर आहे, दुचाकीवर अर्धा तास. वाघोडिया किंवा सावलीकडचं मंजुसर याहून बरंच लांब, आणि हालोल तर चाळीस किलोमीटरच्या आसपास. तिथे बहुतेक जण कंपनीच्या बसने जातात. लांबची नोकरी वाचकाला पुष्कळदा जास्त फळते.

मग आपला वेग मोजा. घड्याळ लावून दहा मिनिटं वाचा आणि पानं मोजा. समजा ६ पानं झाली. रोज २५ मिनिटं म्हणजे १५ पानं, महिन्याचे २४ दिवस धरले तर ३६० पानं. एक भरदार कादंबरी. हा हिशेब एकदा कागदावर दिसला की "वेळच नाही" असं वाटेनासं होतं. शिवाय महिन्याला एकच पुस्तक होणार असेल तर ते निवडूनच घ्यावं लागतं, हेही कळतं.

बसमध्ये वाचताना अनेकांना मळमळतं. डोळे पानावर स्थिर असतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलतंय असं सांगतो. मेंदूला हा बेबनाव सोसत नाही. यावर काय करता येतं: बसच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा, चाकाच्या वर नको. पुस्तक मांडीवर न ठेवता छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे डोळ्यांच्या कडेला खिडकीतला रस्ता दिसत राहतो. दर पाच मिनिटांनी लांब बघा. सुरुवातीला कविता किंवा छोट्या कथा घ्या, कारण त्या मधेच थांबवता येतात. दोन आठवडे करूनही त्रास होत असेल तर सोडून द्या आणि बसमध्ये ऐका. येताना, अंधार पडल्यावर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उघडझापीत वाचूच नये.

दुचाकीवाल्यांनी वीस मिनिटं आधी निघावं. रस्ता मोकळा मिळतो, आणि कामाच्या जागी पोचून कँटीनमध्ये चहाबरोबर पंधरा मिनिटं स्वतःची मिळतात. गाडी चालवताना कानात इअरफोन घालून पुस्तक ऐकणं मात्र नको. मागचा ट्रक ऐकू येत नाही.

आणि पुस्तक स्कूटरच्या डिकीत ठेवून जाऊ नका. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळीस ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून किती तरी तापते, खाली इंजिनाची धग वेगळी. कागदी बांधणीच्या पुस्तकाची पानं पाठीला गरम डिंकाने चिकटवलेली असतात. तो डिंक मऊ पडला की उघडताना पानांचे झुबकेच्या झुबके हातात येतात. पावसाळ्यात त्याच डिकीत ओला रेनकोट असतो. पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये, हीच पुस्तकाची जागा.

पाळी फिरती असेल, म्हणजे एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट, तर घड्याळाची वेळ ठरवून उपयोग नाही. वाचन एखाद्या कामाला बांधा: उठल्यावरचा पहिला चहा, किंवा आंघोळीनंतरची पंधरा मिनिटं. पाळी बदलली तरी चहा बदलत नाही. नाइटवरून आल्यावर वाचत बसू नका, उजेड वाढला की झोप उडते. आधी झोप, मग पुस्तक.

कामाच्या जागी

पहिले दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढू नका. हे वाचकाला जड जातं, पण याच वेळात माणसं ओळखीची होतात आणि कामातली खरी माहिती जेवणाच्या टेबलावर मिळते. एकदा सगळे ओळखू लागले की जेवण झाल्यावरची दहा मिनिटं कोपऱ्यात वाचत बसलात तरी कुणाला खटकत नाही. उलट कुणीतरी येऊन "शुं वांचो छो?" विचारतं, आणि आणखी एक वाचक सापडतो.

रिफायनरी, पेट्रोकेमिकल किंवा ज्वलनशील वायूंचं काम असलेल्या प्लांटमध्ये साधा मोबाईल गेटवरच ठेवावा लागतो. त्याची ठिणगी धोक्याची ठरू शकते. अशा नोकरीत छापील पुस्तकाला पर्याय नाही. पण गेटवरच्या सुरक्षारक्षकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या की पुस्तक आत चालतं का, आणि चालत असेल तर कुठपर्यंत. यंत्रापाशी, कंट्रोल रूममध्ये, ड्यूटीवर असताना वाचायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक चूक नव्यांकडून हमखास होते. खूण म्हणून हाताला लागेल तो कागद पुस्तकात ठेवला जातो, आणि तो ऑफिसातला प्रिंट असतो: दरांची यादी, ग्राहकाचं नाव, बॅच नंबर. तेच पुस्तक ग्रंथालयात परत जातं. त्यातून नोकरीवर बालंट येऊ शकतं. जाड कार्डशीटच्या दोन बाय सहा इंचाच्या दहा पट्ट्या एकदाच कापून ठेवा.

लीलो चेवडो, सेवउसळ आणि पुस्तक हे एकत्र नको. तेलाचा डाग कागदातून जात नाही.

ग्रंथालय: पहिल्या महिन्यातच

बडोद्यात राहून सेंट्रल लायब्ररीचं सभासद न होणं म्हणजे सुरसागराकाठी राहून तळं न बघण्यासारखं आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मग शिकलेल्या माणसाला वाचायला मिळावं म्हणून १९१०मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं. गावोगावी वाचनालयं उभी राहिली, जिथे ती नव्हती तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. मांडवीजवळच्या या ग्रंथालयात लोखंडी रॅकचे मजले आहेत आणि त्यांच्या मधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या रांगांपर्यंत झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना जरा बिचकायला होतं. मराठी पुस्तकांचा जुना साठा इथे मोठा आहे, कारण मराठी आणि गुजराती दोन्ही या संस्थानच्या रोजच्या भाषा होत्या.

सभासद व्हायला जाताना ओळखपत्राची प्रत, दोन फोटो आणि इथला पत्ता दाखवणारा कागद न्या. इथेच नवे लोक अडकतात: आधारवर गावचा पत्ता असतो. भाडेकरार असेल तर उत्तम. पीजीवाल्यांनी मालकाकडून लेटरहेडवर राहत असल्याचं पत्र घ्यावं आणि कंपनीच्या एचआरकडून नोकरीचं पत्र. दोन्ही मिळून बहुधा काम होतं. अनामत रक्कम लागते, तिची पावती जपून ठेवा, नोकरी बदलून जाताना तीच दाखवून पैसे परत मिळतात. वेळ आणि सुट्टीचा वार फाटकावर लिहिलेला असतो. पहिल्याच भेटीत त्याचा फोटो काढून ठेवा. नोकरदाराला शनिवार संध्याकाळ हीच खात्रीची वेळ.

शोधताना एक-दोन गोष्टी. ज्या ग्रंथालयात ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन, पुस्तकं लावलेली असतात तिथे मराठी साहित्य ८९१.४६ला मिळतं: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध-ललित ८९१.४६४. हिंदी ८९१.४३ आणि गुजराती ८९१.४७. पाठीवरच्या चिठ्ठीवर हे आकडे ओळखता आले की रांगेत उभं राहून तासभर शोधावं लागत नाही. टोपणनावाने लिहिणारे लेखक कधी टोपणनावाखाली, कधी खऱ्या आडनावाखाली नोंदलेले असतात, दोन्हीकडे बघा. चरित्र-आत्मचरित्रं साहित्यात नसतात, त्यांची रांग निराळी.

इथे गुजराती लिपी वाचता यायलाच हवी, आणि मराठी माणसाला ती अवघड नाही. शिरोरेषा काढून टाकली की निम्म्याहून अधिक अक्षरं आपलीच. अ, इ, क, ख, च, ज, झ अशी थोडी वेगळी आहेत, ती तेवढी पाठ करायची. रोज पाच अक्षरं, मांडवी ते न्यायमंदिर चालताना दुकानांच्या पाट्यांवर. दोन आठवड्यांत पाट्या वाचता येतात. फसगत होते ती आकड्यांत: गुजराती पाच हुबेहूब आपल्या 'प'सारखा दिसतो. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर 'प' दिसला की तो ५ वाचायचा, नाहीतर परत करायची तारीख चुकते आणि दंड बसतो.

ती तारीख घेतल्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीची. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी नियम वेगळे आहेत; माजी विद्यार्थी असाल तर तसं कार्ड घेऊन चौकशी करा.

पहिला पगार आणि पुस्तकांचे पैसे

ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख लिहिलेले म्हणजे महिन्याला २५ हजार हातात, असं नाही. मूळ वेतन १२,५०० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्या पंचवीसातच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० कापला की हातात येतात साधारण २१,२००. शिवाय पगाराची नोंद बंद होण्याच्या तारखेनंतर रुजू झालात तर पहिले काही दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात येतात. म्हणून पहिल्या पगारातून पुस्तकं घेऊ नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. दुसऱ्या पगारापासून महिना ५०० रुपये बाजूला काढा. एवढ्यात बहुतेक मराठी पुस्तकांपैकी एक येतं.

दर महिन्याला एक घेण्यापेक्षा तीन महिन्यांनी एकदम घ्या. तोवर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

घरून पुस्तकं मागवायला टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा सोयीची आहे. १ मे २०२५ला ती सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा ५ किलोचं पार्सल केलं तर पंधरा-सोळा पुस्तकं येतात आणि पुस्तकामागे सात-आठ रुपये पडतात. पुस्तकं जमिनीवरच्या वाहतुकीने येतात, त्यामुळे घाई असेल तर ही सेवा नको. घरच्यांना सांगा: पार्सलमध्ये पुस्तकंच घाला, बेसनाचे लाडू वेगळे. पुस्तकं आडवी रचा, कोपऱ्यांना पुठ्ठा, आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी. पूर्वीची रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली आहे, जुन्या पिढीतले लोक अजून तीच मागतात.

नवं पुस्तक हातात आलं की वाचायच्या आधी फर्मे तपासा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापून जोडलेलं असतं. बांधताना एखादा फर्मा राहतो, दोनदा येतो किंवा उलटा लागतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे बोटाने भराभर उलटून बघायला दोन मिनिटं लागतात. वर नाव लिहिण्याआधीच हे करा. नाव घातलेलं पुस्तक दुकानदार बदलून देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

माणसं, आणि दिवाळी अंक

बडोद्यात मराठी वाचक कमी नाहीत. मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपदाखाली फेब्रुवारी २०१८मध्ये ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं होतं. परिषदेचे कार्यक्रम असतात, तिथे जा, मागे न बसता पुढे बसा, आणि संपल्यावर लगेच पळू नका. समोर बहुतेक आजीआजोबांच्या वयाचे लोक असतील. त्यांना काका-मावशी म्हणून आपलं गाव सांगितलंत की पुढचं बोलणं तेच नेतात. त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं भरलेली आहेत आणि मुलं परदेशी आहेत. मागून आणलेलं पुस्तक ठरल्या दिवशी परत दिलंत की दुसरं मिळतं.

ऑक्टोबरपर्यंत चार-पाच ओळखी झाल्या की दिवाळी अंक फिरवायची योजना आखा. सहा जण, प्रत्येकी दोन अंक, मिळून बारा. कोण कोणते घेणार ते आधी ठरवा, नाहीतर तेच तीन अंक चौघे आणतात. दिवाळीला महाराष्ट्रात घरी जाणाऱ्यांनी तिकडून आणावेत, इथे सगळे मिळत नाहीत. आतल्या पानावर आणणाऱ्याचं नाव पेन्सिलीने. जोडी दहा दिवस आपल्याकडे, मग पुढच्याला. साठ दिवसांत सगळे अंक सगळ्यांच्या हातून जातात. देण्याघेण्याची जागा एकच ठेवा. रविवारी सकाळी कमाटीबागेत भेटणं सगळ्यांना जमतं.

ही योजना मोडते ती एकाच ठिकाणी: कुणाची नाइट लागते, अंक वाचून होत नाही, आणि तो "आणखी चार दिवस" म्हणतो. मागचे सगळे अडकतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकायचं की वाचून झालेला असो-नसो, दहाव्या दिवशी जोडी पुढे जाणार. राहिलेला अंक जानेवारीत, फेरी संपल्यावर, ज्याचा असेल त्याच्याकडून पुन्हा मागून घ्यायचा.